पावणेतीनबाई

कारखान्यात माझं नाव पावणेतीनबाई पडलं होतं. आम्ही अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी घंटी बनवतो. बटण गळ्यात अडकवायचं. दाबलं की बाहेरच्या खोलीत घंटी वाजते. तिच्या चिपमध्ये प्रोग्राम भरला की तो नीट बसलाय का, हे मी तीनदा वाचून बघायची: तीन व्होल्टला, साडेतीनला आणि पावणेतीनला. पावणेतीन म्हणजे उतरत चाललेली बॅटरी. नव्या बॅटरीवर शहाण्यासारखी वागणारी एखादी चिप तिथे हटकून दगा देते. हजारात चाळीस तरी.

"बाई, लोक नवी बॅटरी घालूनच वापरणार ना?" साहेब म्हणाले. "मग म्हाताऱ्या बॅटरीचे लाड कशाला? फक्त तीनला तपासा."

मी दोन दिवस हुज्जत घातली. तिसऱ्या दिवशी नव्या नियमाच्या कागदावर मुकाट्याने सही केली. नापास चिपा एकदम शून्य! एवढी प्रगती आम्ही जन्मात केली नव्हती. फळ्यावर मोठं शून्य काढलं, साहेबांचा सत्कार झाला आणि त्या आनंदात प्रत्येकाला घरच्या आजारी माणसासाठी एकेक घंटी भेट मिळाली.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई पडूनच असते. घंटी तिच्या गळ्यात घातली. आधी तपासायला हवी होती. यंत्र तर माझ्याच टेबलावर होतं. पण नापास निघाली तर बाकीच्यांचं काय, या विचाराने ती यंत्रात घातलीच नाही. त्यापेक्षा दर रविवारी नवी बॅटरी घालणं सोपं होतं.

"लेक किती जपते मला!" आईने शेजारणीला सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी जिन्यात साहेबांनी गाठलं. इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "घरच्या घंटीची बॅटरी तुम्ही कधी बदलता?"

"दर रविवारी. तुम्ही?"

"बाबांची... रोज सकाळी," ते म्हणाले आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

वर जाऊन मी यंत्राचं बटण पावणेतीनवर फिरवलं. पहिल्याच ट्रेमध्ये दोन लाल दिवे लागले. साहेब मागेच उभे होते.

"आणि बाहेर गेलेल्या नऊशे घंट्या?" मी विचारलं.

"त्या लोकांना पत्रक पाठवू. बॅटरी रोज बदला म्हणून. तुम्हीच लिहा, सहीही तुमचीच टाका."

मी लिहिलं: घंटी ताबडतोब परत पाठवा. आणि खाली सही केली.