कोऱ्या चेहऱ्याची परीक्षा

घरात तिला मोजपट्टी म्हणत. मानसशास्त्राची पदवी हातात पडल्यापासून ती आल्यागेल्याची बुद्धी मोजायला निघाली होती, म्हणून थोरल्या भावाने ठेवलेलं नाव. बुद्धी ही एकच शक्ती की निरनिराळ्या शक्तींची मोळी, यावर ती दोन्ही बाजूंनी तासभर भांडू शकत असे. मात्र एकटीने चाचणी घ्यायची परवानगी तिला अजून मिळाली नव्हती. घोडं अडलं होतं भुवयांपाशी.

नियम साधा होता. उत्तर बरोबर की चूक, हे समोरच्याला कळता कामा नये. परवानगीसाठीच्या पहिल्या परीक्षेत मोजपट्टीच्या भुवया बरोबर उत्तराला वर गेल्या आणि चुकीला खाली आल्या. समोरची बाई चतुर. ती भुवया बघून उत्तरं बदलू लागली. काचेपलीकडून हे सगळं पाहणाऱ्या, तिला शिकवणाऱ्या मॅडमनी नंतर शांतपणे विचारलं, "आज नक्की कुणाची बुद्धी मोजली आपण?"

मग मोजपट्टीने चेहरा कोरा ठेवायचा सराव सुरू केला, अगदी जेवतानासुद्धा. आईला वाटलं, भाजी बिघडली. बाबांना वाटलं, पोरीचं कुठेतरी बिनसलंय. त्यांनी गुपचूप मावशीला फोन केला. वर मोजपट्टीने केस कापून कपाळावर घेतले. भाऊ म्हणाला, "भुवया झाकल्यास. अज्ञान झाकायला टोपी घ्यावी लागेल."

दुसऱ्या परीक्षेला समोर बसले बंदरावरचे क्रेनचालक काका. डोक्याला मार लागल्यापासून ते घरीच होते. त्यांना पुन्हा क्रेनवर चढू द्यायचं की नाही, हे या चाचणीच्या अहवालावर ठरणार होतं. चाचणी खरी, आणि मोजपट्टीची परीक्षाही त्यातच.

तिने चित्र समोर ठेवलं, लाल-पांढरे ठोकळे दिले आणि घड्याळ सुरू केलं. काकांनी चित्रातली नक्षी जुळवली आणि तिच्याकडे पाहिलं. समोर चेहरा नव्हताच, भिंत होती. मोजपट्टी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होती. पुढच्या नक्षीला काका अडखळले. त्यानंतरची त्यांनी बिनचूक लावली, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, ओशाळं हसले आणि हात घालून सगळी मोडून टाकली.

वेळ संपली. समोर नुसते विस्कटलेले ठोकळे. नियमाप्रमाणे शून्य.

मोजपट्टीने शून्य लिहिलं. त्यापुढच्या चित्राला काकांनी दोन ठोकळे लावले आणि हात मांडीवर ठेवले. "नाही जमत, ताई," ते हळूच म्हणाले. "डोकं गेलंच म्हणायचं."

डोकं शाबूत होतं. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण एकदा पूर्ण झालेली चाचणी लगेच पुन्हा घेता येत नाही. ती अशीच शेवटापर्यंत रेटली तर तिची परीक्षा पास आणि काकांची क्रेन गेली. आत्ताच थांबवली तर मॅडमना चित्रांचा दुसरा संच वापरता येईल, पण परीक्षा अर्ध्यावर सोडणारीला पास कोण करणार?

ती काचेकडे वळली आणि म्हणाली, "मॅडम, मी थांबवते." मग काकांना म्हणाली, "काका, तुम्ही नक्षी बरोबर लावली होती. माझं तोंड बघून मोडलीत."

मॅडम आत आल्या. त्यांनी काकांना पाणी दिलं, घरची चौकशी केली, कपाटातून दुसरा संच काढला आणि मोजपट्टीला बाहेर घालवलं.

तासाभराने काका बाहेर आले आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेले. मॅडम म्हणाल्या, त्यांच्या अहवालात काळजीसारखं काही नाही.

"आणि मी?" मोजपट्टीने विचारलं.

"तू नापास. सोमवारी ये."

मोजपट्टी जिना उतरली ती गुणगुणतच. नापास होऊनही ज्याला इतकं बरं वाटतं, त्याची बुद्धी आधी मोजायला हवी, असं तिला वाटलं. पण ते काम एकटीने करायची परवानगी तिला अजून कुठे होती?