मिरगाचा उतारा

चौसाळ्याच्या हायवेवरच्या मंगल कार्यालयात लगीन नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. जनावरांच्या दवाखान्यात शेळ्या घेऊन बसावं, तशी माणसं मोबाइलमधली आपापली आजारी वेबसाइट घेऊन बसली होती. स्टेजवर डिजिटल गुरू राधाकिशन सर. कपाळाला बुक्का नाही, गळ्यात माळ नाही. ऐन वैशाखात अंगात ब्लेझर. भोंदूगिरीनं कपडे बदलले, एवढीच काय ती प्रगती!

"तुमच्या साइटीवर गिऱ्हाईक कावून येत न्हाई?" सर माइकमधून गरजले. "तिच्या पाठीमागं काळ्या दोऱ्या बांधल्यात! परदेशातून, जुगाराच्या अड्ड्यांवरून! दुसऱ्याच्या साइटीवरून तुमच्या साइटीकडं येणारी लिंक, इंग्रजीत तिला बॅकलिंक म्हणतात. आपल्या भाषेत करणी!"

सर एकेकाच्या साइटचं नाव टाकत. पडद्यावरचा काटा गरकन फिरून लाल होई, खाली अक्षरं उमटत: विषारी. लोक "आरारारा!" करत.

"ह्याला एकच उतारा. ह्या लिंका माझ्या न्हाईत, मोजू नका, असा कागद गूगलला धाडायचा. डिसअवाउ!"

उतारा म्हटल्यावर नेकनूरच्या शिवकन्येला आधी तलाठ्याचा सातबाराच आठवला. तिची साइट घोंगड्यांची. मेंढरं घरची, लोकर घरची, सूत कातायला सासू सारजाबाई आणि गल्लीतल्या बाया. साइट तिनं स्वतः खटपट करून उभी केलेली. होळीनंतर ऑर्डरी आटल्या, बायांच्या सूत कातायच्या चात्या थांबल्या, आणि दीर सोमनाथ तिला इथं ओढून घेऊन आला.

"वयनी, सर म्हंजी देवमाणूस. आज उतारा करूनच जायाचं."

"आधी ऐकू तरी, भावजी."

ती ऐकत बसली. बैलांचा साज विकणाऱ्या पंडितला सर म्हणाले, "उतारा करा, पोळ्याला गुण येईल." फटाकेवाल्याला म्हणाले, "तुमची करणी जुनी हाय. दिवाळीपर्यंत दम धरा." शिवकन्येच्या कपाळावर आठी पडली, मग ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. तेवढ्यात तिचा नंबर लागला.

काटा लाल झाला. सरांनी डोळे मिटले. "लई कडक करणी! बाई, यादी तयार हाय. नुसतं बटन दाबा. मिरगाचा पाऊस पडला की गुण!"

शिवकन्येनं पडद्यावरची यादी वाचली. जुगारवाले होते, औषधवाले होते, आणि त्यांच्याच रांगेत नाशिकची डोंगर चढणारी मंडळी आणि मेंढपाळांच्या संघटनेचं पान! या दोघांनी तिच्या घोंगडीबद्दल कौतुकानं लिहिलं होतं. घोंगडी शोधणाऱ्याला तिची साइट वर दिसायची, ती या असल्या शिफारशींच्या जोरावर. बटन दाबलं असतं, तर तिनं आपल्या हातानं आपली पत बुडवली असती.

"सर, ही नाशिकची मंडळी कावून काळी?"

"मशीन सांगतंय."

"मशीन गूगलचं हाय का?"

"एका खाजगी कंपनीचं."

"मंग त्याच्या लाल काट्याशी गूगलचं काय देणंघेणं?"

"वयनी, वाद नका घालू, दाबा!" सोमनाथ कळवळला. मागून लोक ओरडायला लागले, "दाबा! दाबा!"

"दाबते की. पर आधी सरांच्या साइटीचं नाव टाका."

सरांना एकाएकी खोकला आला. पंडित उठला. "टाका की सर, भ्या कशाचं?"

नाव टाकलं. काटा तिच्यापेक्षाही पुढं जाऊन आपटला.

"आता बया! सरांवर कुणी करणी केली?" शिवकन्या म्हणाली.

हशा झाला. शिवकन्येनं माइक हातात घेतला. "पंडितभाऊ, उतारा न करता पोळ्याला साज खपत न्हाई का? दिवाळीला फटाके? अन् मला मिरीग सांगितला! वैशाखात घोंगडी कोण पांघरतंय? मेंढरू बी म्हणतंय, लोकर कातरा माझी!" तिनं मोबाइलवरचा ऑर्डरींचा हिशेब वर धरला. "हा गेल्या सालचा वैशाख. अशीच मरगळ. तवा कोण करणी करत होतं?"

"पर त्या जुगाराच्या लिंका तर खऱ्या हायत ना?" फटाकेवाल्यानं विचारलं.

"हायत. बांधावर तण उगवतंच, म्हणून कुणी पिकावर नांगर फिरवतं का? असल्या भुरट्या लिंका आमी बहुतेक मोजतच न्हाई, असं गूगलनंच लिहून ठेवलंय. लिंका इकत घेतल्या असतील आन् त्यापायी गूगलची नोटीस आली असंल, न्हाई तर यायची भीती असंल, तर हा कागद. मला नोटीस न्हाई, अन् मी लिंका घेतल्या न्हाईत."

सरांनी घाम पुसला. पण धंद्याची सवय जाते कुठं? "मंग नव्या, शुद्ध लिंका घ्या. माझ्याकडं पॅकेज हाय."

"बघा!" शिवकन्या म्हणाली. "ज्याच्यानं नोटीस येती ते बी हेच इकणार, अन् नोटीस आल्यावर उतारा बी हेच करणार!"

करणी करणारा आणि उतरवणारा, दोघं एकाच ब्लेझरात! बटन तसंच राहिलं.

मिरीग बरसला. ऑर्डरी आल्या, सारजाबाईच्या ओसरीवर चात्या फिरायला लागल्या. सोमनाथ मोबाइल बघून चाट पडला. "वयनी, उतारा न करताच गुण आला की वो!"

"गुण पावसाचा, भावजी. सर नुसते त्याच्या आदल्या दिवशी येऊन उभे राहत्यात."

लोकहो, बाबा भगवा घालो की ब्लेझर, लिंबू कापो की बटन दाबो, त्याला एकच विचारा: हे केलंच न्हाई, तर काय होईल? त्यानं उत्तर दिलं तर पुढचं ऐका. खोकला आला, तर चपला घाला आणि घरी चला.