भिंगरीची उशी

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या बाईचं नाक वर्षभर तिला छळत होतं. आधी शिंकांची माळ लागायची, मग धार लागायची आणि शेवटी नाक असं चोंदायचं की तोंड उघडं टाकून झोपावं लागे. दुकानाचा मालक म्हणायचा, "बाई, तुम्ही शिंकलात की गिऱ्हाइकाचा नंबर बदलतो हो!" ती हसायची. घरी मात्र कुणी हसत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी तिची आठ वर्षांची मुलगी तापानं गेली. पाय एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. तिची उशी आणि लोकरीचा स्वेटर आईनं कुणाला धुऊ दिला नव्हता. कामावरून आली की दार लोटून ती त्या उशीत तोंड खुपसायची. केसांचं तेल, घाम, खडूची भुकटी, असा तो वास छातीभर ओढून घ्यायची. मग नाकच बंद पडलं, आणि तिला वास येईनासा झाला. तरी ती उशीशी जायचीच. वास येत नाही हे मात्र कुणाला बोलली नाही.

अ‍ॅलर्जी आहे का म्हणून दवाखान्यात तिच्या हातावर टोचून तपासलं, साधी गांधही उठली नाही. रक्तातही काही निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "रडून रडून चोंदलंय हिचं नाक. याला औषध नसतं. मन घट्ट कर." नवरा वेल्डर, मुळातच घुम्या. तो ताट उचलून मोरीकडे गेला.

शेवटी ती कान-नाक-घशाच्या एका वयस्क डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "कधीकधी अ‍ॅलर्जी फक्त नाकातच दडून बसते. हाताला आणि रक्ताला तिचा पत्ताच नसतो. मग नाकालाच विचारावं लागतं."

आधी तिच्या शिंकांवरच्या गोळ्या काही दिवस बंद केल्या. तपासणीच्या दिवशी नाकात नुसतं मिठाचं पाणी सोडलं आणि तोंडावर मास्क लावून नाकातून हवा किती जाते ते मोजलं. काही फरक नाही. मग धुळीतल्या किड्यांचा अर्क सोडला. थोड्याच वेळात शिंकांवर शिंका, डोळ्यांतून पाणी, आणि हवा निम्म्यावर आली.

"म्हणजे मला वेड नाही लागलेलं!" नाक पुसत ती हसली.

"वेड कसलं? हे किडे डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. गाद्या-उशांत, लोकरीत राहतात. घरात फार दिवस न धुतलेलं काही आहे का?"

तिचं हसू तिथंच विरलं. तिनं सगळं सांगितलं. "मला बरं व्हायचंय ते तेवढ्यासाठीच हो. तिचा वास परत यावा म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला. "कढत पाण्यात धुवावं लागेल. दुसरं काही सांगता आलं असतं, तर सांगितलं असतं."

घरी येऊन तिनं उशी नवऱ्यापुढे धरली. "तू हुंगून सांग. आहे का अजून?"

त्यानं उशी तोंडाशी धरली. "आहे," तो म्हणाला आणि मान फिरवली.

"खरं सांग."

"गेला गं. केव्हाच गेला. तू कामावर असलीस की मीही येतो इथं."

दोघं एकाच उशीशी येत होते, एकमेकांपासून लपून.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनीच पाणी तापवलं. पण स्वेटर हातात आला आणि त्यांना तो पाण्यात सोडवेना. मांडीवर घेऊन त्याच्या बाह्या सरळ करत बसल्या, सारख्या सरळ करत बसल्या. "माझी चिमुरडी गं," एवढंच म्हणत होत्या. अखेर वेल्डरनं तो त्यांच्या हातातून हळूच सोडवून घेतला. उशी तिनं स्वतः बुडवली. पाणी गढूळ झालं. ते ओतायला कुणीच उठेना.

औषध सुरू झालं, नाक हळूहळू मोकळं झालं. एका संध्याकाळी नवरा दारातून आत आला आणि त्याच्या शर्टाचा जळक्या लोखंडाचा वास तिला आला.

"वास येतोय मला," ती म्हणाली.

"बरं झालं," तो म्हणाला.

सासूबाईंनी ताटं वाढली. तिघंही बसली, पण ताटाला कुणीच हात लावला नाही.