एका डब्यात सासरा आणि सून

शेगडीला लागून संडास! दोन्हींच्या मधी एक फळकूट. ते बघितलं मात्र, त्या गाडीच्या पायरीवर मी मटकन बसले.

गाडी इचलकरंजीच्या वसीमची. जुन्या टेंपो ट्रॅव्हलरची बाकडी उपटून त्यानं तिचं घर केलंय आणि ते घर तो लोकांना भाड्यानं देतो. आत झोपायला फळ्या, हात धुवायला भांडं, गॅस, पंखा, बारका फ्रीज. बाहेरनं नारळाची झाडं रंगवलेली, ती पण अशी वाकडी की वारं सुटलंय म्हणावं का चितारी पिऊन आलता म्हणावं, कळत नाही. कसबा बावड्यात आमच्या दारात ती उभी राहिली आणि निम्मी गल्ली आमच्या अंगणाच्या कठड्याला येऊन टेकली.

"आई, आत ये की. बघ तरी," माझा मुलगा पृथ्वीराज म्हणाला. नवी म्हैस दारात आल्यागत तो गाडीला हात लावून लावून बघत होता.

"बघितलं. जिथं आमटी शिजवायची तिथंच परसाकडंला बसायचं? तुझ्या समुद्रावर पोचूस्तवर आपण माणसात तरी ऱ्हाऊ का?"

वसीम हसला. "मावशी, वास येत न्हाई. दाराला रबर लावलंय."

"रबर दाराला लावलंस. माझ्या मनाला काय लावशील?"

हे सगळं खूळ आमच्या सुनेचं. पूर्णिमा शहरातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. गुजरातेत, जामनगरच्या पलीकडं, समुद्रातच राष्ट्रीय उद्यान आहे म्हणे. ओहोटीला पाणी मागं सरतं आणि माणसं चक्क समुद्राच्या तळावरनं चालतात, गुडघाभर पाण्यात. तिथं पोवळी जिवंत बघायला मिळतात. पोवळं मी अंगठीत बघितलेलं, ते जिवंत असतंय हे मला म्हातारपणी कळायचं होतं. कॉलेजात असल्यापासून तिला तिथं जायचं होतं. लग्न झालं, पोरगी स्नेहल झाली, नोकरी लागली, ते राहूनच गेलं. आता दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचं ठरलं. म्हशी माझे दीर गुंडू भावजी बघणार होते. मी पण हो म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू, समुद्राच्या तळावर चालून आले असं डेअरीच्या रांगेत सांगायची मला हौस होती.

पण हो म्हटलं तेव्हा मी गाडी बघितली नव्हती. आता आत जाऊन बघितलं तर झोपायच्या फळ्या समोरासमोर. मधी एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी वाट.

"पृथ्वी," मी हाक मारली. "हितं कोण झोपणार?"

"हिकडं तू आन् आबा. तिकडं आमी दोघं. स्नेहल वरच्या फळीवर."

"म्हंजे सून सासऱ्याच्या तोंडासमोर आडवी पडणार?"

त्यानं डोकं खाजवलं. कठड्यावरची गल्ली आणखी पुढं वाकली.

आमच्या घराची रीत बावड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. काही पाहिजे असेल तर नातीला मधी घालायचं, नात नसली तर मला, मी नसले तर भिंतीला सांगायचं. "चा झाला का म्हणावं." "आज शाळा हाय का म्हणावं." सून पण तशीच, "मामांना सांगा, जेवण वाढलंय." माझा सासरा गेला, पण माझा आवाज कसा आहे हे त्याला कधी कळलं नाही. त्याची मला लाज नाही, मिरवण्यासारखंच आहे ते. शिकलेली सून आणली तर घर बिघडेल म्हणणाऱ्या बायका होत्या. त्यांना मी सुनेच्या डोक्यावरची ओढणी दाखवली आणि त्यांची तोंडं बंद केली.

"बापय माणसं बाहीर झोपतील," मी निकाल दिला.

"त्या किनाऱ्यावर रातीचं उघड्यावर झोपू देत न्हाईत, मावशी," वसीम म्हणाला. "जंगलखात्याचं लोक उठिवत्यात."

"मग पृथ्वी, तुझे आबा घरी ऱ्हातील. हितं दिवसरात एका डब्यात सासरा आन् सून, हे माझ्या हयातीत व्हायचं न्हाय."

पूर्णिमा दारात उभी होती. ओढणी डोक्यावर, नजर खाली, नेहमीसारखी. मला वाटलं, मान हलवेल. तिनं मान वर केली.

"मामा येणार नसतील तर मी पण जाणार नाही, आत्या."

"का गं? तुझाच तर जीव चाललाय न्हवं त्या पोवळ्यापायी?"

"मग ही गाडी कशाला शोधली मी? साधी जीप करून गेलो असतो. ही संडासाची गाडी मामांसाठीच तर बघितली. त्यांना तासाला उठावं लागतं. एसटीत चारचौघांत गाडी थांबवा म्हणायची लाज वाटते त्यांना, म्हणून ते नृसिंहवाडीला सुद्धा येत नाहीत. तुम्ही सगळ्यांना सांगता, त्यांना फिरायची आवड नाही."

माझ्या कानात कुणी घंटा बडवल्यागत झालं.

मालकांचं ते दुखणं घरात फक्त मला ठाऊक होतं. पोटच्या पोराला मी सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडं पण, साखर बघायला जातो, असं सांगून जायचो आम्ही. बापयाची असली गोष्ट कुठं बोलतात का? आणि ही, ओढणीतली माझी सून, गल्लीसमोर घडाघडा बोलत होती.

"तुला कुणी सांगितलं?"

गल्लीकडं बघून ती लालबुंद झाली. आपण काय बोलून गेलो ते तिला आत्ता कळलं होतं.

"कुणी सांगितलं म्हणते मी!"

"म्या."

मालक बोलले. नाव मी घेत नाही, सातबाऱ्यावर आकाराम लिहिलंय ते वाचून घ्या. गोठ्याच्या दारातल्या दगडावर ते बसले होते. माणूस असा की लग्नात सुद्धा त्यांच्या वाटचं मीच बोलले असते, विचारलं असतं तर.

"तुमी? कवा?"

"गोठ्यात," ते म्हणाले. "तू डेअरीला दूध घालाय गेलीस की बोलतो की आमी."

"बोलता?"

"व्हय. ती वैरण टाकाय येती. मग बोलतो."

"कवापास्नं?"

त्यांनी पूर्णिमाकडं बघितलं. सरळ, तोंडाकडं. "स्नेहल पाळण्यात व्हती न्हवं गं तवा?"

"हो, मामा," ती म्हणाली.

मी कठड्याकडं वळले. "काय तमाशा लागलाय व्हय हितं? घरात चुली पेटल्या न्हाईत का तुमच्या?" बायका हलल्या, पण सावकाश, माना मागं वळवून वळवून. त्यांच्या तोंडावर मला एक गोष्ट दिसली. त्यातली एक पण चकित झाली नव्हती. त्यांना ठाऊक होतं. आमच्या गोठ्याची भिंत गल्लीला लागूनच आहे.

सकाळ-संध्याकाळ कॅन घेऊन मी घराबाहेर पडायचे, आणि माझ्या माघारी माझ्याच घरात दुसरं घर चालू व्हायचं. त्यात माझा नवरा बोलका होता. मी आल्याची चाहूल लागली की ते घर मिटायचं. स्नेहल दिवाणखान्यात चोमडेपणानं "आबा विचारतायत, चहा झाला का" म्हणायची, तेव्हा तिला पण ठाऊक असणार. सगळी मिळून माझ्यापुढं नाटक करत होती आणि मी त्या नाटकाचा मान मिरवत होते.

"चला," मी म्हटलं. "चढा त्या गाडीत. दोघं बी. माझ्याम्होरं बोला. मलाबी ऐकू दे काय येवढं गोठ्यात बोलता ते."

"आई, जाऊ दे की," पृथ्वीराज म्हणाला.

"तू गप. तुलाबी ठाऊक हुतं."

त्यानं खाली बघितलं. म्हणजे होतं.

दोघं चढली. समोरासमोरच्या फळ्यांवर बसली. मी दारात उभी राहिले, एक हात ह्या कडेला, एक त्या कडेला. "हां. बोला."

मालकांनी छताकडं बघितलं. पूर्णिमानं ओढणी कपाळावर ओढली. वसीम बाहेर उगाच टायर दाबून बघत होता, त्याचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळानं मालक खाकरले आणि फळकुटाकडं बघून म्हणाले, "पंखा बरा हाय म्हणावं."

"मामांना सांगा, हवा पाहिजे असेल तर खिडकी पण उघडते," ती मला म्हणाली.

दुसरं कुणी असतं तर मी हसले असते. ती दोघं मुद्दाम करत नव्हती. त्यांनी खरंच जोर लावला होता, मालकांच्या कपाळावर घाम आला होता. पण मी समोर होते आणि त्यांच्या जिभा वळत नव्हत्या. मला वाटत होतं हा धाक म्हणजे माझी कमाई. आपल्याला बघून दोन धडधाकट माणसं मुकी होतात, हे जवळनं बघायला बरं नसतं.

मी खाली उतरले आणि दार ओढून घेतलं. ते रबर फस्सकन बसलं.

वसीम काही बोलायला आला. मी बोट ओठावर ठेवलं आणि मागच्या चाकाजवळ जाऊन खिडकीखाली उभी राहिले. आत फळी करकरली. मग मालक म्हणाले, "लईच तापलीया."

"माझंच चुकलं, मामा. सगळ्यांसमोर बोलले मी."

"बोललीस ते बरं झालं. म्या जन्मात बोललो नसतो. गल्लीला काय, आता उद्या डेअरीत दुधाच्या आधी माझीच फ्याट बघतील."

आणि ते हसले. मोकळं, पोटातनं, दम लागेपर्यंत. तीही हसली.

मी खिडकीची कड धरली. ह्या माणसाचं खोकणं मी ओळखते, घोरणं ओळखते, जेवताना मीठ कमी पडलं की घोटाचा आवाज कसा बदलतो ते ओळखते. हे हसणं मी कधी ऐकलेलं नव्हतं. परक्याच्या घरातनं यावं तसं ते आलं.

"मलाबी बघायचंय गं ते," आत ते म्हणत होते. "समुद्र मागं गेल्यावर खाली काय ऱ्हातंय ते. पर ती न्हाय म्हणाली की झालं. तू जाऊन ये. मग मला सांग. गोठ्यात."

"तुम्ही नसाल तर नको, मामा."

पृथ्वीराज माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानंही ऐकलं होतं. हळूच म्हणाला, "आई, वसीमला काय सांगू? परत पाठवू गाडी?"

तोंडात शिव्या तयार होत्या. त्या कुणाला द्यायच्या तेच ठरेना.

"वसीम," मी म्हटलं, "पडदा लागंल. ह्या फळीच्या आन् त्या फळीच्या मधी. चांगला जाड. चादरीगत न्हवं, जाजमागत."

"लावतो की, मावशी."

"आन् दिवसा मी पुढं बसणार. ड्रायव्हरजवळ."

"अगं पुढं हादरं बसत्यात," पृथ्वीराज म्हणाला. "मागं आबा हायत, ऐसपैस—"

"मागं मी बसले तर जामनगरपातूर गाडीत मयतागत शांतता. तेवढी वाट मला सोसायची न्हाय. मी पुढंच."

वसीमनं मान डोलावली. खिशातनं पेन्सिल काढून तो पुढच्या बाजूला गेला. "ड्रायव्हरच्या मागं सरकती काच हाय, मावशी. ती बंद करून टाकू का कायमची? म्हंजे मागलं मागं ऱ्हाईल, तुमच्या कानाला तरास न्हाई."

आत दोघं पुन्हा कशावरनं तरी हसायला लागली होती. मी खिडकीपासून बाजूला झाले, पदर नीट केला.

"बंद नको," मी म्हटलं. "चार बोटं उघडी ऱ्हाऊ दे. आन् हे आत कुणाला सांगायचं न्हाय."