कुसळ नसलेलं गवत

रत्नाकरराव तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला तपासनीस काही निवृत्त झाला नाही. भाजीवाल्याची भेंडी असो की गणपतीच्या आरतीतला पाहुण्यांचा सूर, सगळं त्यांच्या हातून पास नाहीतर रिजेक्ट होऊन पुढे जायचं. घरात रिजेक्ट करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा ते मदनमहालच्या टेकड्यांवर फिरायला जाऊ लागले, आणि त्यांच्या बायकोने, विभावरीने, सुटकेचा निःश्वास टाकला.

तो फार टिकला नाही. दिवाळीनंतर एके दिवशी ते गवताचा मुळासकट उपटलेला ठोंब घेऊन आले.

"विभा, नवी जात आहे! खडकात उगवते, वर्षानुवर्षं त्याच मुळावर फुटते. हुबेहूब कुसळी गवत, पण हिला कुसळच नाही!"

"मग?"

"मग काय? जगात कोणाला माहीत नाही. नाव तुझं देऊन राहिलो मी. लॅटिनात मागे शेपूट लावतात, पण नाव तुझंच."

"गवताला? गुलाब संपले काय?"

असं ती म्हणाली खरी, पण स्वयंपाकघरात जाऊन तिने ते नाव शेपटीसकट दोनदा म्हणून पाहिलं. घराला सासूबाईंचं नाव होतं, मुलीचं नाव आत्याबाईंनी ठेवलेलं. लग्नात विभावरीचं नाव बदललं नाही, हेच उपकार सासरचे अजून ऐकवत असत. तिने चेरीतालच्या जाऊबाईंना फोन केला आणि बोलता बोलता सहज सांगितलं. सहज, म्हणजे फोन त्यासाठीच केला होता.

रत्नाकरराव रोज नवे ठोंब आणू लागले. हॉलमध्ये सतरंजीवर बसायचं, ठोंब समोर घ्यायचा, आणि भिंग लावण्याआधी ब्रश. कारखान्याची शिस्त होती ती. पुर्जा आधी घासूनपुसून लख्ख करायचा, मग मापाला लावायचा. गवताची एकेक दांडी ते अशी घासत की तोफेच्या नळीने लाजावं.

ते आंघोळीला गेले की विभावरी केर काढायची. एकदा टाचेत काहीतरी कचकन रुतलं. उपसून पाहिलं तर तांबूस, लांब, पीळ घातलेलं कुसळ. सुपडीत तर कुसळांचा गुंताच होता. ती वाकलेली तशीच राहिली. मग तिने सुपडी डब्यात रिकामी केली आणि झाकण दाबून बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. नाव काही रोज कुणी देत नाही.

रविवारी शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातून मेघना आली. विभावरीच्या मैत्रिणीची लेक, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिचा अभ्यास शेवाळाचा, गवत आपलं वर्गात शिकवण्यापुरतं. तिने भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"अजीब है काका. खरंच कुसळ नाही. काकू, बधाई हो! मी भोपाळच्या एका तज्ज्ञांशी बोलते."

"बोलते कशाला? मी स्वतः घेऊन जातो," रत्नाकरराव उठलेच. "विभा, निरोप समारंभाचा कोट काढ."

तो कोट आता पोटावर बसत नव्हता. बटणं ताणून, त्या तज्ज्ञांच्या टेबलापुढे ताठ उभे राहून, कुसळी गवताला नवी जात म्हणणारे रत्नाकरराव विभावरीला लख्ख दिसले. समोरचे लोक तोंडावर रुमाल धरून होते. आणि तिला एकदम राग आला. या माणसाला हसायचा हक्क घरच्यांचा, भोपाळच्या लोकांचा नाही.

ती आत गेली, केराचा डबा घेऊन आली आणि पेपरवर उपडा केला.

"ब्रश मारतात ते," ती म्हणाली. "बघायच्या आधी."

मेघनाने कुसळ उचललं. ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच.

"काका, कुसळीच आहे. पिकलेले मादी दाणे तुम्ही झाडून टाकले. खाली दांडीवर जे चिकटून राहतात ना, ते नर. त्यांना कुसळ नसतंच."

"म्हणजे नुसते नर उरले?"

"हो."

"आणि स्वतःला नवी जात समजून राहिले," विभावरी म्हणाली.

रत्नाकररावांनी पेपरवरचं एक कुसळ बोटांत धरून फिरवून पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"काहून नाही सांगितलं?"

"नाव पाहिजे होतं मला."

मेघना ठोंब उलटसुलट करत म्हणाली, "हा मला द्या. नमुना कसा घ्यायचा नाही, ते पोरांना दाखवते. खाली कोणाचं नाव टाकू?"

रत्नाकररावांचा चेहरा उजळला. "विभावरीचं टाक! दिलेला शब्द आहे माझा."

"अच्छा?" विभावरीने ठोंब मेघनाच्या हातातून घेतला. "नवी जात होती तेव्हा शोध तुमचा नि नाव माझं. आता फजिती तुमची नि नाव माझंच? पूर्ण नाव टाक गं मेघना, यांचं. आडनावासकट. आणि सांभाळून ने, यांच्या हातचं आहे."

तिने तो जुन्या पेपरात नीट गुंडाळला, एक दांडी मोडू न देता.