सगळे फोटो पाठव

टीव्ही भिंतीपासून पुढे ओढताना कियोएने नवऱ्याला हाक मारली नाही. इसामू बाहेरच्या ओसरीवर उन्हाकडे तोंड करून पेपर वाचत बसला होता. मध्ये फक्त कागदी सरकतं दार होतं, म्हणजे आतली खुडबूड त्याला ऐकू जात असणारच. जाऊ दे, असं म्हणून तिने टीव्हीच्या मागे डोकं घातलं. वर्षभराची धूळ फडक्याने टिपली आणि तारांच्या गुंत्यात तार खुपसायची चपटी भोकं कुठे आहेत ते बोटांनी चाचपलं.

कोबेहून आलेलं पार्सल आठवडाभर दारातल्या चपलांच्या कपाटावर पडून होतं. वर कानाएचं नाव होतं, त्यांच्या सुनेचं. सून म्हणायचं की नाही, हाच त्या घरातला न बोललेला प्रश्न होता. इसामूने खोक्यावरचं नाव वाचलं आणि परत पाठवून दे, एवढं म्हणून तो आत गेला. कियोएने तेव्हा वाद घातला नाही. रविवारी सकाळी भांडी घासून झाल्यावर तिने कात्री आणून खोकं फोडलं, बस्स.

आत साबणाच्या वडीएवढी एक पांढरी डबी होती. ती टीव्हीला जोडायची, की कानाएने तिकडे मोबाइलवरून पाठवलेले फोटो इकडे टीव्हीवर दिसणार. घरात इंटरनेट नसलं तरी चालतं, डबी आपली आपण हवेतून फोटो घेते, असं माहितीपत्रकात चित्रं काढून लिहिलं होतं. कियोएने ते पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. यंत्राची तिला कधी भीती वाटली नव्हती. त्यांच्या कुरायोशी गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभी हयात काढली होती. माणूस आत उभा राहील एवढाली वाफेची पातेली, भांडी धुणारी लांबलचक मशिनं, बटाटे सोलणारा गडगडणारा पिंप. नवीन यंत्र आलं की बाकीच्या बायका दोन पावलं मागे सरायच्या आणि कियोए पुढे जायची. गावातले निम्मे बाप्ये अजून तिला रस्त्यात बघून मान लववायचे, कारण त्यांनी लहानपणी तिच्या हातचं खाल्लं होतं.

तिच्या मुलानेही खाल्लं होतं. घरी पण तुझंच आणि शाळेत पण तुझंच, मला सुटका कुठे आहे, असं मासातो म्हणायचा. मासातो चौतिशीत पोटाच्या दुखण्याने गेला. मुलगी मिओ तेव्हा नुकती बोलायला लागली होती. पुढे दोन वर्षं कानाए आणि मिओ इथेच, याच घरात होत्या. मग कानाएला कोबेत नोकरी लागली. सुट्ट्यांना दोघी यायच्या. आणि दोन वर्षांपूर्वी, पितरांच्या सणाला आली असताना, कानाएने सांगितलं की ती लग्न करतेय. हायामी नावाचा माणूस आहे, मिओला त्याची सवय झालीय. कियोए तेव्हा परसात नाशपाती उतरवत होती. टोपली घेऊन ती आत आली तोवर इसामू म्हणून मोकळा झाला होता की मग आता इकडे यायचं कारण उरलं नाही. कानाएने खाली वाकून नमस्कार केला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीने ती गेली. त्यानंतर फक्त नववर्षाची कार्डं आली.

कियोएने डबी टीव्हीला जोडली, रिमोटवर बटण दाबत दाबत डबीचा चॅनेल शोधला. पडदा निळा झाला, पण डबीवरचा दिवा काही लाल सोडेना. तिने पत्रक परत पाहिलं. लाल म्हणजे हवेतलं पोचत नाही. घर होतं जुन्या गोदामांच्या मागच्या अरुंद गल्लीत, आणि टीव्ही सगळ्यात आतल्या कोपऱ्यात. मग तिने विजेची लांब तार काढली आणि डबी हातात धरून खोलीभर फिरली, पणती घेऊन फिरावं तशी. कोपऱ्यात लाल, मध्ये लाल, कपाटाशी लाल. खिडकीपाशी गेल्यावर दिवा क्षणभर विचारात पडल्यासारखा लुकलुकला आणि हिरवा झाला.

डबीची टीव्हीत जायची तार वीतभरच होती, म्हणजे टीव्हीच खिडकीपाशी न्यायला हवा होता. तिने बैठं टेबल बाजूला केलं, टीव्ही ज्यावर होता त्या लाकडी ठोकळ्याखाली जुनी चादर सरकवली आणि ओढायला सुरुवात केली. तातामीच्या चटईवर लाकूड कुरकुरलं.

दार सरकलं. इसामू उंबऱ्यात उभा होता, चष्मा कपाळावर.

"चटईवर ओरखडा पडेल," तो म्हणाला.

"चादर घातलीय खाली."

"चादरीला काय कळतंय. विणीच्या आडवं ओढतेयस तू."

इसामूने आयुष्यभर तातामी शिवल्या होत्या. गावातल्या किती घरांत त्याच्या हातच्या चटया होत्या ते त्यालाही सांगता आलं नसतं. बोटं आखडली तेव्हा त्याने दुकान बंद केलं, पण कुणी चटईवर काही ओढलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. तो दोन पावलं आत आला, पुन्हा थांबला, आणि मग वाकून त्याने ठोकळ्याची दुसरी बाजू उचलली. दोघांनी मिळून तो खिडकीपाशी नेऊन ठेवला. त्याने आधी चटई हाताने चाचपली. मग वर बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं.

टीव्हीच्या नव्या जागेसमोरच्या भिंतीला घरातल्या गेलेल्या माणसांचा देव्हारा होता. सकाळी ठेवलेल्या भाताची वाटी तिथे होती, आणि मासातोचा फोटो. आजवर टीव्ही त्याच भिंतीला एका कडेला होता. आता तो मासातोच्या अगदी समोर आला होता.

"इथे नको," इसामू म्हणाला.

"दुसरीकडे दिवा हिरवा होत नाही."

"मग नको ती डबी. त्या माणसाचे फोटो यायचे त्याच्यात. मासातोने बसून ते बघायचे का?"

कियोए तारा नीट करत होती, ती थांबली. त्याच्याकडे न बघता, पातेल्यातलं मीठ चाखून सांगावं तितक्या सरळ आवाजात ती म्हणाली, "मासातो त्याच्या मुलीला बघेल. बाकी काय बघायचं ते त्याचं तो ठरवेल. त्याच्या डोळ्यांवर हात ठेवायला मी जाणार नाही."

इसामू ओसरीवर परत गेला नाही.  देव्हाऱ्यापाशी जाऊन त्याने उगाच उदबत्तीची राख सारखी केली.

पडद्यावर आता मोठे आकडे आले होते. खाली लिहिलं होतं की हा आकडा फोटो पाठवणाऱ्याला कळवा, थोड्या वेळाने तो बदलेल. म्हणजे कानाएला फोन करायला हवा होता. कियोएने एप्रनला हात पुसले. दोन वर्षांत तिने कितीदा तो फोन उचलून परत ठेवला होता. काय बोलायचं, कुठून सुरुवात करायची, ते सुचायचं नाही. आज मात्र सांगण्यासारखं काहीतरी होतं. ती ताडताड चालत घरातल्या बोळात गेली, जिथे भिंतीशी घरचा फोन होता, आणि तिने कोबेचा नंबर फिरवला.

"कानाए, मी कुरायोशीहून बोलतेय. ती डबी लावलीय. आकडा मागतेय ती."

पलीकडे कुणीतरी श्वास आत घेतला. मग कानाएचा आवाज आला, हो आई, सांगा.

पण फोनची तार काही खोलीपर्यंत पोचेना, आणि आकडा कियोएला पाठ नव्हता. तिने मान लांब करून पाहिलं. पडद्यावर उजेड पडला होता, काही दिसत नव्हतं. तिने आत हाक मारली. "अहो, आकडा वाचा जरा. बदलेल तो आत्ता."

 कियोए थांबली. मनातल्या मनात तिने रिसिव्हर ठेवून धावत जाऊन बघून यायची तयारीसुद्धा केली. तेवढ्यात इसामूने घसा खाकरला आणि एकेक आकडा वाचायला लागला, मोठ्याने, मध्ये थांबत, जुन्या गिऱ्हाइकाला खोलीचं माप सांगायचा तसा. कियोए तो फोनमध्ये पुन्हा म्हणत होती. तिसऱ्या आकड्यानंतर तिच्या लक्षात आलं की पलीकडे कानाए लिहून घेत नाहीये, नुसतं ऐकतेय.

"बाबा आहेत का तिथे?" कानाएने हळू विचारलं.

"आहेत ना. आकडे तेच वाचतायत. परत सांगू का?"

"सांगा."

इसामूने परत वाचला. या वेळी जरा जोरात, आणि शेवटी त्याने विचारलंही, "मिळाला का तिला?"

मिळाला.  मग कानाए अडखळत म्हणाली की फोटो पुष्कळ आहेत, पण काहींत हायामी पण आहेत, तेवढे ती बाजूला काढते, फक्त मिओचे पाठवते, बाबांना त्रास नको.

"नको काढूस," कियोए म्हणाली. "नववर्षाच्या कार्डावर तू कापून पाठवलेला फोटो बघितला मी. मिओच्या खांद्यावर चार बोटं राहिली होती. कापलेलं कळतं गं. एवढ्या लांबून मुलीला बघायचं, तर तिच्या खांद्यावर कुणाचा हात आहे तेही बघू दे. सगळे फोटो पाठव."

पलीकडे कानाए रडत होती की काय, कियोएला नक्की कळलं नाही, कारण लगेच फोनवर दुसराच बारीक, धावता आवाज आला. आजी, आईच्या मोबाइलवर पण तेच फोटो दिसतात, मी बटण दाबणार आहे, बघ हं आता. दोन वर्षांत मिओचा आवाज मोठ्या मुलीचा झाला होता. कियोएने भिंतीला हात टेकला. तिने मिओला दाब म्हणून सांगितलं. आजोबा बघतायत का, असं मिओने विचारलं. कियोएने वळून पाहिलं. चष्मा पुसतायत, असं ती म्हणाली.

ती आत येऊन बसली तेव्हा पडदा काळा झाला होता. मग एक फोटो आला. पुढचे दोन दात पडलेली मिओ हसत होती. मग पोहण्याच्या तलावाकाठी थंडीने ओठ निळे पडलेली मिओ. मग आणखी एक. फोटो आपले आपण बदलत होते आणि दोघं बघत होती. हायामी तिसऱ्या की चौथ्या फोटोत आला. चष्मा लावलेला, जरा टक्कल पडलेला, बेताच्या अंगाचा माणूस. मिओच्या सायकलीच्या मागे धावताना त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. इसामूने नजर खाली केली नाही.

मग शाळेतला फोटो आला. वर्गात जेवण वाढायची पाळी मिओची होती. डोक्याला पांढरी टोपी, अंगात गुडघ्याखाली आलेला पांढरा झगा, आणि दोन्ही हातांत सुपाचा मोठा डाव. कियोए गुडघ्यांवर पुढे सरकली.

"असा धरतात का डाव," ती म्हणाली. "मनगट भरून येईल तिचं."

तिचा स्वतःचा हात हवेत उठला, डाव खालून कसा धरायचा ते दाखवत. फोटो बदलला तरी हात तसाच होता. मग तिने तो मांडीवर ठेवला.

पुढचा फोटो एप्रिलचा होता, मिओच्या शाळेच्या पहिल्या दिवसाचा. फाटकापाशी चेरीची फुलं भिजून लोंबत होती. मिओच्या पाठीवर तिच्याहून रुंद लाल दप्तर होतं, आणि शेजारी काळ्या सुटातला हायामी छत्री धरून उभा होता. इसामू पुढे वाकला. त्याने चष्मा नाकावर घट्ट केला. चटईची शिवण तपासताना तो असाच बघायचा.

"छत्री सगळी पोरीवर धरलीय त्याने," तो म्हणाला. "दप्तरसुद्धा कोरडं आहे. हा त्याचा खांदा बघ. बाहीतून पाणी गळतंय."

कियोएने पाहिलं. सुटाची एक बाजू चकाकत होती.

"आपल्याकडे पोरांना सांगतात, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको," इसामू म्हणाला. "कोबेच्या माणसाला कोण सांगणार. एकच घेऊन निघाला."

कियोएने होकारार्थी मान हलवली. खेकडे विस्तवावर आहेत, उतू जातील, असं सांगून ती उठली. नोव्हेंबरात नुकते मिळायला लागलेले छोटे अंडीवाले खेकडे तिने सकाळीच बाजारातून आणले होते, आंबवलेल्या सोयाबीनच्या, मिसोच्या सुपासाठी. स्वयंपाकघरात वाफ दाटली होती. तिने झाकण काढलं, कांद्याची पात चिरायला घेतली, आणि चिरता चिरता दाराच्या फटीतून आत पाहिलं.

इसामूने पसरलेले पाय जवळ घेतले होते. त्याचे गुडघे वाकत नसत, पाहुण्यांसमोरही तो आताशा पाय पसरून बसायचा आणि माफी मागायचा. पण आता एका हाताने जमिनीचा आधार घेत तो हळूहळू टाचांवर बसला, मानाच्या पाहुण्यासमोर बसतात तसा. त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मागे मासातोचा फोटो होता, पुढे पडद्यावर फिरून आलेला तो भिजलेला माणूस. इसामूने दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत तो वाकला.

तो बराच वेळ तसाच होता. वर बघेपर्यंत फोटो बदलून गेला होता आणि पडद्यावर वाळूत बांधलेला एक वाकडा किल्ला होता.

कियोएने आच मंद केली. पात चिरून झाली होती, तरी ती थोडा वेळ स्वयंपाकघरातच थांबली.