रंग न लागलेला भालाईत

मित्रांनो, मी एक जुना भालाईत आहे. उंची दोन बोटे, अंग राखाडी प्लास्टिकचे. पटावर लढाई खेळण्यासाठी मला साच्यातून काढले, पण माझे बहुतेक आयुष्य यवतमाळच्या एका कपाटात, पुठ्ठ्याच्या डब्यात गेले. सैनिकाला हे शोभत नाही, हे मला ठाऊक आहे.

माझा मालक अवधूत. त्याचा कॉलेजातला मित्र रोशन दर रविवारी नेरजवळच्या गावाहून एसटीने यायचा. सैनिक विकत घ्यायचे अवधूतने, रंगवायचे रोशनने, अशी वाटणी होती. रोशनचा हात फार सुंदर चालायचा. त्याने रंगवलेला घोडेस्वार बघून मी अक्षरशः जळायचो. "रंग नाही तर पटावर नाही," हा त्याचाच नियम. त्यामुळे मी नुसता वाट बघत राहिलो.

अवधूतला मात्र नव्याचा भारी सोस! आमचे रंगकाम व्हायच्या आत दुसरा डबा यायचा, मग तिसरा. आम्ही तळाशी गेलो. रोशन म्हणायचा, "आज चार तरी रंगवून टाकू." अवधूत म्हणायचा, "पुढच्या रविवारी पाहू, आज नवे डबे उघडू."

मग बोंडअळीचे वर्ष आले. रोशनच्या शेतात कपाशी डोक्याएवढी उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन तो फवारणी करत असताना वारा फिरला आणि औषध त्याच्या तोंडावर आले. तो दवाखान्यातून जिवंत परतला, पण नजर अधू झाली. रविवारची त्याची फेरी बंद पडली.

अवधूतला त्याच्यासमोर जायची हिंमत होईना. तो फक्त आणखी डबे मागवत राहिला. मला त्याचा राग आला होता, खोटे कशाला बोलू? शेवटी त्याची आई कुंदाताई म्हणाली, "घरात पाय ठेवाले जागा नाही अन् हे डबे कायले मागवतं? त्या पोराले भेटून ये."

दुसऱ्या दिवशी अवधूत आमचा डबा आणि रंग घेऊन रोशनच्या ओसरीवर बसला. त्याने डबा उघडून रोशनपुढे सरकवला. मग रोशनने मला उचलून चाचपले.

"हा तर पयल्या डब्यातला हाये. काहून नाही रंगवला बे?"

"तू येशीन म्हणून ठेवला."

"मले आता रंग दिसत नाही, अवधूत. नुसतं धुकं दिसते." त्याने मला अवधूतच्या हातात दिले. "तू रंगव. मी सांगतो."

अवधूतने ब्रश उचलला. माझ्या पगडीचा लाल रंग नाकावर ओघळला, भाल्याला पिवळा लागला. रोशन शेजारी बसून सांगत होता, "रंग पातळ कर. घाई नको करू."

"कसा दिसते?" त्याने विचारले.

"लय बेकार, यार," अवधूत म्हणाला आणि रडू लागला.

रोशन त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू दे. रंग लागला ना? मांड पट."

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा लढाईत उतरलो आणि दुसऱ्याच डावात मेलो. मला त्याचे दुःख नाही. कपाटात माझे कितीतरी भाऊ अजून राखाडीच पडून आहेत. त्यांची काळजी करू नका. प्लास्टिक वर्षानुवर्षे थांबू शकते. तुमच्याकडे दर रविवारी येणाऱ्या माणसाला मात्र पुढचा रविवार सांगू नका.